फावला वेळ, मुक्काम डेल्फ्ट

परदेशी कोर्सला निघालेल्या सरकारी माणसाला ऑफिसातले सगळे एकच सल्ला देतात : "अभ्यासाचं काय, होत राहील. तिकडे मजा करून घ्या, साहेब." हा सल्ला देणाऱ्यांपैकी एकही जण जून महिन्यात हॉलंडमधल्या डेल्फ्टला राहिलेला नसतो.

तिथलं गणित असं आहे. वर्ग पाचला सुटतो. सहाला दुकानं बंद. त्याच सुमाराला डच माणूस जेवायला बसतो. सूर्य मात्र रात्री दहापर्यंत ड्यूटीवर. म्हणजे रोज चार तास लख्ख ऊन, बाजार बंद, आणि तुम्ही मोकळे. आपल्याकडे सात वाजले की अंधार पडतो आणि माणूस निमूटपणे घरी जाऊन टीव्हीसमोर बसतो. अंधार ही किती मोठी सोय आहे, ते उजेड असल्याशिवाय कळत नाही. खोलीत पडून राहावं तर पडद्याच्या फटीतून ऊन डोळ्यांवर येतं आणि विचारतं, "हेच करायला आलात का एवढ्या लांब?" घरी व्हिडिओ कॉल लावावा तर तिकडे घड्याळ साडेतीन तास पुढे. एकदा रात्री साडेआठला आईला फोन लावला. तिच्याकडे बारा वाजलेले. माझ्या मागचं ऊन बघून ती म्हणाली, "अरे, मध्यरात्री उन्हात काय हिंडतोयस? झोप की!"

कोर्स पाण्याचा होता. डेल्फ्टला आयएचई नावाची संस्था १९५७ पासून जगभरच्या पाणीवाल्यांना शिकवते. आमच्या वर्गात इथिओपिया होता, बांगलादेश होता, कोलंबिया होता, आणि महाराष्ट्रातून मी आणि दुसऱ्या मंडळातले एक कार्यकारी अभियंता. त्यांना आम्ही सगळे सोलापूरकर म्हणायचो. सोलापूरकरांनी घरून शेंगाचटणीची पिशवी आणि 'एकही मिनिट वाया घालवायचं नाही' असा निर्धार, दोन्ही भरपूर आणलं होतं. चटणी लवकर संपली.

निर्धाराचा पहिला बळी म्हणजे सायकल. सायकलशिवाय हॉलंड बघणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न बघणं, असं म्हणत त्यांनी दोन सायकली भाड्याने घेतल्या. उंच, काळ्या, घोड्यासारख्या. हँडलला ब्रेकच नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं, एवढीच व्यवस्था. आता आपल्याकडची खोड अशी की थोडा चढ दिसला, की माणूस पायडल जरा मागे फिरवून पाय नीट वर घेतो आणि मग जोर लावतो. डेल्फ्टमध्ये पावलोपावली कालवा आणि प्रत्येक कालव्यावर उंटाच्या पाठीसारखा पूल. पूल आला, सोलापूरकरांनी सवयीने पायडल मागे घेतलं, सायकल जागच्या जागी खिळली, आणि साहेब मात्र न्यूटनच्या पहिल्या नियमाने पुढे गेले. मागून टेक्निकल युनिव्हर्सिटीची पोरं येत होती. एकीच्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, मागच्या कॅरिअरवर मैत्रीण. तिने हँडलला हात न लावता आम्हाला वळसा घातला आणि वर घंटीही वाजवली. कशाने वाजवली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मग पायी.

पायी बघण्यासारखं पुष्कळ आहे. चौकात नवं चर्च आहे. नवं म्हणजे चौदाव्या शतकातलं. त्याचा मनोरा जवळपास १०९ मीटर आणि वर जायला ३७६ पायऱ्या, गोल फिरत जाणारा अरुंद जिना. वरून हवा स्वच्छ असेल तर एकीकडे हेग आणि दुसरीकडे रोटरडॅम दिसतं. आम्हाला मुख्यतः स्वतःचा श्वास ऐकू आला. याच डेल्फ्टमध्ये १५८६ साली सायमन स्टीव्हिनने चर्चच्या मनोऱ्यावरून शिशाचे दोन गोळे सोडले होते, एक दुसऱ्याच्या दसपट जड. दोन्ही एकदमच खाली आदळले. बरोबर होता पुढे गावचा महापौर झालेला मित्र. स्टीव्हिन आमच्याच लाइनीतला, पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या सुधारणारा इंजिनिअर. दिवसभर पाणी उपसून झाल्यावर हा गृहस्थ संध्याकाळी मनोऱ्यावरून गोळे टाकतो! सोलापूरकर कठड्याला धरून धापा टाकत म्हणाले, "यांच्याकडे तेव्हापासून उजेड जास्तच होता."

जुन्या चर्चचा मनोरा तर चक्क कललेला आहे. सुमारे दोन मीटर. कालव्याचं जुनं पात्र भरून काढून त्यावर बांधला, पाया खचला आणि गेली कित्येक शतकं तो तसाच वाकडा उभा आहे. गावकरी त्याला लाडाने 'वाकडा यान' म्हणतात; यान हे तिकडचं माणसाचं नाव. आमच्याकडे असता तर एव्हाना तीन चौकशी समित्या, दोन निलंबनं आणि ठेकेदार काळ्या यादीत. इथे त्याची पोस्टकार्डं विकतात.

याच चर्चमध्ये चित्रकार व्हर्मीर पुरलेला आहे. हे नाव काढायला नको होतं, कारण त्याच दिवशी घरच्या ग्रुपवर मेव्हणीने लिहिलं, "जिजू, मोत्याच्या डूलवालीबरोबर सेल्फी पाठवा!" व्हर्मीरच्या प्रसिद्ध चित्रातली ती मुलगी डेल्फ्टभर आहे. कपावर आहे, छत्रीवर आहे, पिवळ्या रबरी बदकाच्या अंगावरही आहे. मूळ चित्र मात्र हेगला, मॉरित्सहाउस संग्रहालयात. ते एकच नव्हे. व्हर्मीर जन्मला इथे, राहिला इथे, मेला इथे, आणि त्याच्या हातचं एकही चित्र या गावात शिल्लक नाही. पस्तीसेक चित्रं उरली आहेत, ती सगळी बाहेरगावी. अकरा मुलं आणि भलंमोठं कर्ज मागे ठेवून तो १६७५ साली गेला. त्याच्या बायकोने बेकरीवाल्याची पावाची उधारी भागवायला दोन चित्रं त्याच्याकडे ठेवली. उधारी सहाशे गिल्डरच्या वर होती. त्या बेकऱ्याइतका फायद्याचा वसुली अधिकारी मी आमच्या खात्यात बघितलेला नाही.

पण माझी खरी झोप उडवली ती त्याच चर्चमध्ये पुरलेल्या दुसऱ्या माणसाने. अंतोनी व्हान लेव्हेनहुक. व्हर्मीरच्याच महिन्यात, १६३२ च्या ऑक्टोबरात, याच गावात जन्मला. व्हर्मीर दिवाळखोर मरण पावल्यावर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था नगरपालिकेने याच्याकडे सोपवली होती. कारण हा नगरपालिकेचा नोकर. कापडाचं दुकान आणि जोडीला नगरभवनात दालनाची देखभाल : दार उघडणं, झाडलोट करवून घेणं, शेगडी पेटवणं. थोडक्यात, शिपाई आणि केअरटेकर यांच्या मधलं पद. शिक्षण बेताचं, लॅटिन शून्य. आणि या माणसाने संध्याकाळी घरी बसून बोटभर लांबीच्या पितळी पट्टीत मण्याएवढं भिंग बसवलं आणि जगात पहिल्यांदा जिवाणू बघितले!

म्हणजे बघा, पद आमच्यापेक्षा खालचं, भत्ते नाहीत, परदेश दौरा नाही. मिरी तिखट का लागते, एवढ्या शंकेपायी त्याने १६७६ साली मिरी पाण्यात भिजत घातली. मिऱ्याला काटे असतील आणि ते जिभेला टोचत असतील, असा त्याचा अंदाज. काटे काही सापडले नाहीत, पण त्या पाण्यात असंख्य जीव वळवळताना दिसले. मग १६८३ साली स्वतःच्या दातांवरचं किटण खरवडून भिंगाखाली धरलं. तिथेही वळवळ. हे सगळं त्याने साध्या डच भाषेत पत्रं लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पन्नास वर्षं कळवत राहिला.

हे कळल्यावर मोकळी संध्याकाळ मला खायला उठू लागली. सरकारी नोकरी आणि फावला वेळ एवढ्या भांडवलावर माणूस काय करू शकतो, याचा पुरावा फरशीखाली झोपलेला. मी आजवर आमच्या कँटीनमधल्या मिसळीबद्दल 'ही एवढी तिखट का?' असा प्रश्न हजारदा विचारला असेल, पण ती भिजत घालून तपासावी असं एकदाही सुचलं नाही. सोलापूरकरांवर परिणाम वेगळा झाला. त्या रात्री ते बेसिनवर दात घासायला लागले ते थांबेचनात.

खाण्याचं म्हणाल तर दुपारी थंड पाव आणि चीज. न्याहारीला तिथली मोठी माणसं लोणी लावलेल्या पावावर चॉकलेटचा चुरा पसरून खातात आणि गंभीर चेहऱ्याने कामाला जातात. सोलापूरकरांनी दूध समजून एक खोका आणला तो ताकाचा निघाला, आणि तो आमच्या मुक्कामातला सर्वांत आनंदाचा क्षण ठरला. जिरेपूड शोधण्यात एक संपूर्ण संध्याकाळ सत्कारणी लागली. एका रविवारी हेगला गेलो तेव्हा सुरिनामी हॉटेलात रोटी-बटाटा आणि चवळीच्या शेंगांची भाजी मिळाली. १८७३ पासून भारतातून सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत नेलेल्या मजुरांचे वंशज पुढे हॉलंडला आले, त्यांची ही रोटी. वाढणाऱ्या मावशींनी आमच्याकडे बघून न विचारताच जास्तीची हिरवी मिरची ठेवली. मॉरित्सहाउस त्या दिवशी आम्ही भरल्या पोटाने बघितलं. मेव्हणीचा सेल्फी झाला. चित्रातल्या मुलीपेक्षा सोलापूरकरांची टोपी जास्त आली आहे.

शेवटी आम्हाला जमेल अशी मजा सापडली ती आउदे डेल्फ्ट नावाच्या कालव्यावर. तिथे डेल्फलंड पाणी मंडळाचं जुनं घर आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत ढालींची रांग. हे मंडळ १२८९ पासून पाण्याची पातळी सांभाळतं आणि त्याच्या कारभाऱ्यांसाठी लोक आजही दर चार वर्षांनी मतदान करतात. कुणाला किती पाणी, कुठला पंप, कुठला बांध, यासाठी वेगळी निवडणूक! आमच्याकडच्या पाणीवापर संस्थेच्या सभेला कोरम भरायला चहा-पोहे लागतात. आणि कालवा असा की समुद्रसपाटीच्या चाळीसेक सेंटिमीटर खाली, पण पाणी आज जिथे तिथेच उद्या. आवर्तन सुटलं म्हणून तुडुंब नाही, संपलं म्हणून कोरडा नाही. वरच्या अंगाला कालवा फोडणारं कुणी नाही. सोलापूरकर काठावर उकिडवे बसले आणि पाण्यात उभी असलेली मोजपट्टी वाचू लागले. मीही वाचली. मग दुसऱ्या पुलाजवळची वाचली. मग पैज लावून पुढच्या दिवशीची आधीच सांगितली आणि दोघेही जिंकलो. रोज जेवण झाल्यावर आम्ही पट्ट्या वाचत दहापर्यंत फिरू लागलो. एका आजोबांनी सायकल थांबवून काळजीने विचारलं, "पाण्याचं काही बिघडलंय का?" आम्ही म्हटलं, "छे, छे! उलट इतकं चांगलं आम्ही कधी बघितलंच नाही."

त्या पट्टीचा एक फोटो मी ग्रुपवर टाकला. बायकोने लिहिलं, "अहो, कालवेच बघायचे होते तर नीरेचे काय वाईट होते?" मेव्हणीने डोक्याला हात लावलेलं चित्र टाकलं. मुलाने विचारलं, "बाबा, यात तुम्ही कुठे?" माझे सासरे कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. मनोरे, चर्च, मोत्याचा डूल, कशावरही त्यांनी महिनाभर अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांचा मेसेज रात्री दीडला आला : "पातळी चांगली आहे. विसर्ग किती?"