प्रतिक्रियेला उत्तर : जीपीएस आहे, मग एका अंशाचा बाऊ कशाला?

'निनावी' महोदय,

"नाशिककरांनी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आलं की गळ्यापर्यंत, तेवढंच मोजावं. जीपीएस असताना दिशेतल्या एका अंशाचा बाऊ कशाला?" असं जहाजावरून समुद्रप्रवाह मोजण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत. शिवाय थर्मोसॅलिनोग्राफवर (आत घेतलेल्या समुद्राच्या पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र) शेरा, आणि ३८ किलोहर्ट्झच्या एडीसीपीचा (जहाजाच्या तळातून ध्वनी सोडून खालचा प्रवाह मोजणारं यंत्र) पल्ला मी फुगवून सांगितल्याचा आरोप. त्यातलं शेवटचं मान्य. समुद्र खवळून जहाजाच्या तळाखाली बुडबुडे शिरले की हजार मीटरचा पल्ला बराच घटतो, हे लेखात यायला हवं होतं. पण गोदावरीच्या पुराची खूण असलेल्या मारुतीरायाला मध्ये ओढायचं कारण काय? दिंडोरी रोडवर 'मेरी' ही अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, पाणी मोजणं या गावाला नवं नाही. माझीही हयात याच कामात गेली आहे. मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडा, गाव कशाला काढता?

आता तो एक अंश. एडीसीपीचे चार बीम तिरपे खाली जातात आणि प्रतिध्वनीतल्या डॉप्लर बदलावरून पाण्याचा वेग निघतो, पण तो जहाजाच्या सापेक्ष : पुढे-मागे आणि आडवा. तो उत्तर-पूर्वेत बसवायला जहाजाचं तोंड नेमकं कुठे आहे ते लागतं. जीपीएसचा एकटा अँटेना जहाज कुठे सरकलं ते सांगतो, तोंड कुठे ते नाही. आडवा वारा असला की या दोन्हींत सहज फरक पडतो. जायरोवर (फिरत्या चकतीच्या होकायंत्रावर) विसंबाल, तर वळण घेतल्यावर तो साधारण ८४ मिनिटांच्या आवर्तनाने डुलत राहतो. म्हणून एकाहून जास्त अँटेनांचा जीपीएस बसवतात. तरीही ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) बसवताना राहिलेला तिरकेपणा उरतोच.

गणित करून बघा. जहाजाचा वेग १० नॉट, म्हणजे सेकंदाला ५.१४ मीटर. एका अंशाची साइन ०.०१७५. गुणाकार सेकंदाला ९ सेंटिमीटर! एवढा प्रवाह मुळात नसताना जहाजाच्या मार्गाला आडवा दिसणार. खरा प्रवाह २० सेंटिमीटरचा असेल तर हा 'बाऊ' जवळजवळ निम्मा झाला. चूक पकडायची तर त्याच रेषेवर जा आणि भरती-ओहोटी बदलायच्या आत उलट या. खरा प्रवाह तोच राहील, खोटा हिस्सा दिशा बदलेल. दोन्ही फेऱ्यांतल्या आडव्या प्रवाहाच्या फरकाचं निम्मं म्हणजे तुमची चूक. उथळ पाण्यात हेही नको : बॉटम ट्रॅकने (समुद्रतळावरून परतलेल्या प्रतिध्वनीने) दिसलेला मार्ग आणि जीपीएसचा मार्ग यांतला कोन काढला की झालं.

थर्मोसॅलिनोग्राफपर्यंत येताना पाणी तापतं, हे मला ठाऊक नाही असं तुम्हाला का वाटलं देव जाणे. लेखात दोन तापमापक आहेत, एक पाणी आत घेतो तिथे, दुसरा यंत्रात. समुद्राचं तापमान पहिल्याचं घ्यायचं, क्षारता मात्र दुसऱ्याच्याच तापमानावरून काढायची. परिच्छेद सातवा, पुन्हा वाचा.

प्रतिवाद करायचाच असेल तर नाव घालून करा, आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे सोबत द्या.