गाणं मी कधी नाकारते

गणपतीत घरच्या ग्रुपवर भाऊकाकांनी एका नव्या मराठी गाण्याची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि गाण्यात निम्मे शब्द हिंदी-इंग्रजी.' ताईनं नव्या पोरांची बाजू घेतली. आरासीच्या फोटोंमधून वाट काढत वाद दोन दिवस चालला. शेवटी काकांनी मलाच मध्ये ओढलं: 'तू बारा वर्षं टोकियोत आहेस. जपानी माणूस आपल्या गाण्यात असली भेसळ खपवून घेतो का, ते सांग.'

दोन ओळींत उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते.

खपवून घेतो, काका. 'जे-पॉप', म्हणजे इथली लोकप्रिय गाणी, या नावातच एकही जपानी शब्द नाही. १९८८ साली टोकियोत जे-वेव्ह नावाचं एफएम स्टेशन सुरू झालं, तिथून ते नाव रुळलं. त्याच्याही आधीपासून इथल्या गाण्यांत इंग्रजी ओळी येतात. ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या इथल्या सार्वजनिक वाहिनीवर 'कोहाकु' लागतं: लाल संघ आणि पांढरा संघ यांच्यातला गाण्यांचा सामना, १९५१पासून चालत आलेला. त्यात आजी-आजोबांच्या आवडीचं एन्का, म्हणजे जुन्या धाटणीचं भावगीत, संपलं की लगेच इंग्रजी शब्दांनी भरलेलं गाणं सुरू होतं, आणि त्यावरून घरात कुणी भांडत नाही.

पण म्हणून मला सगळं चालतं असं नाही. जपानी गाणी मी दहातली आठ नाकारते. निशि-कासाइहून ऑफिसला जाताना तोझाइ लाइनच्या गर्दीत कानात गाणी असतात, आणि एवढ्या वर्षांत माझी एक चाळणी तयार झाली आहे. ती जपानी गाण्यांवर घडली, पण तिच्यातून मराठी गाणी गाळायला लागल्यावर आमच्या घरातला वाद मला वेगळा दिसायला लागला.

पहिली गोष्ट, गाणं डोळे मिटून कळलं पाहिजे. इथे टीव्हीवर गाणं लागलं की पडद्यावर शब्द येतात. वाचता वाचता ऐकलं तर कुठलंही गाणं कळतं. मी टीव्हीकडे पाठ करते. शब्द कानानं उचलता आला तर पुढे ऐकायचं. ही अट जपानीत फार कठीण आहे, कारण त्या भाषेत शब्दालाच स्वराची चढउतार असते. टोकियोच्या बोलीत 'आमे'मधला 'आ' उंच लावला तर पाऊस, 'मे' उंच लावला तर गोळी, म्हणजे चघळायची. 'हाशि'मधला 'हा' उंच असेल तर जेवायच्या काड्या, 'शि' उंच असेल तर पूल. चाल बांधताना स्वर उलटे लावले की पावसाची गोळी होते. ऐकणारा संदर्भानं सावरून घेतो, पण अडखळतोच.

यामादा कोसाकु या संगीतकारानं यावर फार विचार केला होता. बोलण्यातली चढउतार चालीत जपली पाहिजे, असा त्याचा आग्रह. १९२७ सालची त्याची 'आकातोम्बो' ही लाल चतुराच्या गाण्याची चाल इथे लहानथोर सगळ्यांना येते. त्यात 'आकातोम्बो' शब्दाचा पहिला 'आ' उंच आहे आणि बाकीचा शब्द खाली येतो. आजच्या टोकियोत तो शब्द असा बोलत नाहीत, त्यामुळे गाणंच चुकलंय असं मला वाटलं होतं. माझ्या जपानीच्या शिक्षिकेनं समजावलं, तेव्हाच्या टोकियोत तो शब्द असाच म्हणत. शंभर वर्षांपूर्वीचा उच्चार त्या चालीत जसाच्या तसा राहिला आहे. हे कळलं त्या दिवशी मी ते गाणं दहा-बारा वेळा ऐकलं.

मराठीत अशी चढउतार नाही, पण ऱ्हस्व-दीर्घ आहे, शब्दाचा तोल आहे, श्वास कुठे घ्यायचा याची शिस्त आहे. सुधीर फडक्यांचं गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गाण्यांत लोकांपर्यंत गेलं. ती गाणी आज हेडफोनवर लावली तरी एकही अक्षर चुरगळलेलं सापडत नाही. लहानपणी आजीकडे हे ऐकताना त्याचं मोल कळलं नव्हतं. ते मला एका परक्या भाषेच्या गाण्यांनी कळवलं.

दुसरी अट श्वासाची. २००७ साली साप्पोरोच्या एका कंपनीनं हात्सुने मिकु हा गाणारा आवाज विकायला काढला. शब्द आणि स्वर भरले की संगणक गातो. त्यातून संगीतकारांची एक अख्खी पिढी घडली. गायक-संगीतकार योनेझु केनशी त्यातला, योआसोबी या जोडगोळीची गाणी बांधणारा आयासे त्यातला. ही माणसं विलक्षण हुशार आहेत. पण यंत्राला श्वास लागत नाही, आणि त्या सवयीनं बांधलेल्या गाण्यांत माणसालाही श्वासाची जागा मिळत नाही. एका मात्रेत चार चार अक्षरं कोंबलेली, एक ओळ संपायच्या आत दुसरी सुरू. मला दम लागतो. अशी गाणी मी सोडून देते. त्याच योनेझुचं २०१८ सालचं 'लेमन' मात्र माझ्याजवळ राहिलं. ते गाणं तयार होत असतानाच त्याचे आजोबा गेले. त्यात गेलेल्या माणसाबद्दल साध्या शब्दांत बोललं आहे आणि शब्दांच्या मध्ये पुरेशी शांतता आहे.

ठरलेल्या शब्दांची गाणी तर मी अर्ध्यातच बंद करते. पंख पसरायचे, दार उघडायचं, डोळे मिटायचे, उद्याकडे धावायचं. मार्चमध्ये शाळा-कॉलेजांचे निरोप समारंभ होतात, महिन्याच्या शेवटी टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुलतो, आणि साकुराची गाणी येतात. २००० ते २००६ या काळात तर एकामागून एक गाजली. त्यांतली मोरियामा नाओतारो या गायकाचं २००३चं आणि इकिमोनोगाकारी या बँडचं २००६चं, ही दोन मला आवडतात. बाकीच्यांना माझा प्रश्न एकच असतो: साकुरा काढून तिथे दुसरं कुठलंही फूल ठेवलं तर काही बिघडतं का? बिघडत नसेल तर ते फूल कवीनं पाहिलेलंच नाही. आपल्याकडे पावसाचं हेच होतं. कोकणातला पाऊस आणि माणदेशातला पाऊस गाण्यात एकसारखाच पडत असेल, तर ते गाणं शुद्ध मराठीत असूनही मला नको.

खपाचे आकडे मी अजिबात धरत नाही. एकेबी४८ या मुलींच्या गटाच्या सीडीत मतपत्रिका मिळायची. २००९ ते २०१८ दरवर्षी निवडणूक व्हायची, आणि जिला जास्त मतं तिला गाण्यात पुढची जागा. सीडीसोबत कलाकाराशी हस्तांदोलन करायचं तिकीटही असे. एकेक चाहता डझनांनी सीडी घ्यायचा. त्या आकड्यांवरून गाण्याबद्दल काय कळणार? म्हणून ताईनं 'इतके कोटी व्ह्यूज आहेत' असं लिहिलं, तेव्हा मी तिची बाजू घेतली नाही.

आता काकांचा मूळ मुद्दा, परक्या शब्दांचा. जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात, आपण 'पाव' म्हणतो. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले. पावाला कुणी भेसळ म्हणत नाही, कारण मराठीनं तो आपल्या तोंडात बसवून घेतला. परका शब्द गाण्यात आला म्हणून मी गाणं टाकत नाही. ती ओळ काढून टाकल्यावर गाण्यात भोक पडतं का, ते बघते. पडत नसेल तर ती ओळ नुसती भरताड, मग ती कुठल्याही भाषेतली असो.

गायिका उतादा हिकारुचं 'ऑटोमॅटिक' डिसेंबर १९९८मध्ये आलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. नाव इंग्रजी, ध्रुवपदात इंग्रजी. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे पहिल्याच ओळीत तिनं शब्द तोडलेत. टेलिफोनच्या घंटेला जपानीत 'बेरु' म्हणतात, इंग्रजी 'बेल'वरून. ती 'बे'वर थांबते आणि 'रु' पुढच्या तुकड्यात टाकते. माझ्या पहिल्या अटीनुसार हे गाणं तिथेच बाद व्हायला हवं होतं, आणि वर्षभर मी ते बादच केलं होतं. मग एका रात्री नीट ऐकलं. फोन वाजतोय, पलीकडे तो रिसीव्हर उचलतो, आणि फोन करणाऱ्या मुलीच्या छातीत धडधड आहे. अशा वेळी माणसाचा शब्द असाच तुटतो. तिनं तो समजून तोडलाय. तेव्हापासून शब्द तुटलेला दिसला की आधी विचारते, कशासाठी? बहुतेक गाण्यांकडे उत्तर नसतं.

पण इथलं उदाहरण घरच्या वादात नेऊन आपटायलाही मी तयार नाही. जपानी गाण्यानं इंग्रजीशी कितीही खेळ केला तरी जपानीचं काही बिघडत नाही, कारण इथलं मूल बालवाडीपासून जपानीत शिकतं, पुढे डॉक्टर आणि इंजिनिअरही जपानीतूनच होतं. माझ्या ऑफिसातलं करारपत्र जपानीत, औषधाच्या पुडीवरची सूचना जपानीत. भक्कम घरात पाहुणे कितीही आले तरी चालतात. आपल्याकडे भाऊकाकांचीच नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत आणि आजोबांशी हिंदीमिश्रित मराठीत बोलतात. काकांची भीती खोटी नाही. पण ती गाण्यावर काढून काय होणार? शाळेचा, वाचनालयाचा, कोर्टकचेरीतल्या मराठीचा प्रश्न गाण्यातले चार इंग्रजी शब्द गाळून सुटत नाही. आणि तेवढ्यासाठी चांगल्या बांधलेल्या गाण्याला नाकारलं, तर शुद्ध शब्दांत बांधलेली निर्जीव गाणी तेवढी उरतील. काका, त्या लिंकमधलं गाणं मीही नाकारलं. त्यातल्या मराठी शब्दांचे हाल बघवत नव्हते, म्हणून.

गेल्या डिसेंबरात ऑफिसच्या बोनेनकाइनंतर, म्हणजे वर्षअखेरीच्या जेवणानंतर, सगळे कराओकेला गेलो. अकाउंट्समधल्या एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या, फार छान गातात. त्या म्हणाल्या, तुमच्या भाषेतलं काहीतरी म्हणा. यंत्रात मराठी गाणं मिळालं नाही. मग संगीत बंद करून ज्ञानेश्वरांचं 'मोगरा फुलला' म्हटलं, जमेल तसं. पडद्यावर शब्द नव्हते, अर्थ कुणाला कळत नव्हता. संपल्यावर बाईंनी विचारलं, 'ते मोगुरा की मोगारा, जे पुन्हा पुन्हा येत होतं, ते काय आहे?' मी फोनवर फुलाचं चित्र काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'हे तर मात्सुरिका.' शब्द ओळखीचा वाटला म्हणून घरी येताना गाडीत शोधला. संस्कृतातली मल्लिका चीनमार्गे जपानात येऊन मात्सुरिका झाली आहे.

सोमवारी ऑफिसात बाईंना ते सांगितलं. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, मोगरा तुमच्या लिपीत लिहून द्या, आणि पहिली ओळ पुन्हा एकदा म्हणा, हळू.