‘हिरवी, कच्ची संत्री गळ्यात मारली’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

मोर्शी-वरुड रस्त्यावरच्या आमच्या ठेल्यावरून 70 रुपये किलोनं घेतलेली संत्री हिरवी आणि कच्ची होती, आठ दिवसांनी पिशवी उघडली तर चार सडलेली निघाली, आणि ठेल्यावरचा गडी फटकन बोलला, असं तुम्ही ऑनलाइन एकच तारा देऊन लिहिलं आहे. गड्याचं चुकलंच. त्याबद्दल माफी मागतो, त्याला समज दिली आहे.

पण ‘कच्ची’ हा शब्द लागला. आंबिया बहाराचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या झाडाचं संत्रं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आतून तयार होतं, मात्र सालीचा हिरवा रंग उतरायला रात्रीचा गारवा लागतो. थंडी लांबली की रसानं भरलेलं फळही बाहेरून हिरवं दिसतं. दूरच्या बाजारासाठी असं फळ इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून पिवळं करतात, वर मेणाचा हात देतात. त्यात लबाडी नाही, पण बदलते ती फक्त साल. गोडी तसूभर वाढत नाही. केळी, आंबे उतरवल्यावर पिकतात, संत्रं पिकत नाही. तोडताना जेवढं गोड तेवढंच राहतं. म्हणूनच झाडाच्या चारही बाजूंची फळं फोडून चाखल्याशिवाय आम्ही तोडा सुरू करत नाही. खरं कच्चं फळ गडद हिरवं, साल घट्ट चिकटलेली आणि हाताला हलकं लागतं. तुम्हीही ठेल्यावर एक फोडून खाल्लं होतं, गोड म्हणालात, मगच दोन किलो घेतलीत.

सडण्याचं सांगतो. दव वाळल्यावरच, कात्रीनं, थोडा देठ ठेवून आम्ही फळ तोडतो. ओल्या सालीला हात लागला तर तेलग्रंथी फुटून डाग पडतात. ओढून तोडलं तर देठाशी साल फाटते आणि तिथूनच बुरशी शिरते. एखादं फाटलेलं फळ आमच्या नजरेतून सुटलं असेल, नाही म्हणत नाही. पण बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आठ दिवस फळाला घाम सुटतो आणि एकाची बुरशी शेजारच्यांना लागते. मेण नसलेलं फळ टोपलीत, एका थरात, वारा लागेल असं ठेवायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं तर कापडी पिशवीत.

भावाचं म्हणाल तर कोळशीचं (सालीवर काळी बुरशी चढलेलं), देठ फाटलेलं, बारकं फळ बाजूला काढूनच उरलेलं 70 ला देतो. इथं दलाली नाही, हमाली नाही. तो पैसा सरळ बागेत जातो: शेणखत, फवारणी आणि झाड फुलावं म्हणून डिसेंबरात पाणी तोडून ताण दिल्यावर पुन्हा सुरू करायचं पाणी. एका ताऱ्यानं रस्त्यावरची गाडी न थांबता पुढं निघून जाते ताई, आमचं सगळं त्या थांबण्यावरच आहे.

हिरव्या आणि पिवळ्या फळांचे कॅरेट वेगळे ठेवता येतील का ते बघतो. कसं साठवायचं त्याची पाटीही लावू. सडलेल्या चारांच्या बदल्यात चार घेऊन जा, बिल नको. पिवळंच हवं असेल तर फेब्रुवारीत मृग बहाराचं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी फुललेलं फळ सुरू होतं, थंडी खाल्लेलं ते फळ रंगाला चांगलं असतं.