आ करा, गिळा, गप्प बसा

रात्रीचे दीड वाजलेत. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर तुमचे वडील आहेत आणि दोन दिवस न झोपलेला रेसिडेंट डॉक्टर केसपेपरवरून मान वर न करता विचारतोय, ‘कशाची ॲलर्जी?’ इथे उत्तर एकच द्यायचं: ‘नाही, काही नाही.’ जितकं झटपट द्याल तितकं घराणं निरोगी दिसतं. वडील कॉलेजात असताना पेनिसिलिनची सुई टोचल्यावर त्यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजून श्वास लागला होता, हे आत्याला चांगलं आठवतं. पण आत्या सांगलीला. एवढ्या रात्री म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवायचं? शिवाय त्याला आपल्या घरात कधी कोणी ‘ॲलर्जी’ म्हटलेलंच नाही. आपल्याकडे त्याला ‘सुई गरम पडली’ म्हणतात. डॉक्टरांनी गरम पडण्याबद्दल विचारलं असतं तर सांगितलं असतं.

पुढचा प्रश्न येईल, ‘घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ याचं उत्तर रंगावरून द्यावं. बीपीची छोटी पांढरी, शुगरची मोठी पांढरी, आणि एक गुलाबी आहे, ती कसली ते डॉक्टरांना माहीत. कोणत्या डॉक्टरांना, हे विचारायची पद्धत नाही. गोळ्यांची पिशवी (प्रत्येक घरात ती साडीच्या दुकानाचीच असते) कपाटावर आहे तिथेच राहू द्या. आणलीत तरी फारसा फरक पडणार नाही म्हणा. मेडिकलवाल्याने स्ट्रिप कात्रीने कापून चार-चार गोळ्या दिलेल्या असतात. नाव आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातं, आणि तुमच्या वाट्याला येतात नावाची शेवटची दोन अक्षरं: ‘झोल’. आता पँटोप्राझोल ॲसिडिटीवर असतं, अल्बेंडाझोल जंतांवर, फ्लुकोनाझोल बुरशीवर आणि मेट्रोनिडाझोल जुलाबात देतात. पण तपशिलात शिरायला आपण काही फार्मसी शिकलेलो नाही. झोल आहे एवढं कळलं तरी पुष्कळ.

वॉर्डात जागा मिळाली की घरची सेवा सुरू करावी. बीपीची रोजची गोळी चुकायला नको म्हणून आईने सात वाजता पर्समधून ती काढून द्यावी. आठ वाजता सिस्टर तीच गोळी हॉस्पिटलच्या ट्रेमधून आणतील, तीही घ्यावी, नाही कशाला म्हणायचं? अकरा वाजता बाथरूमला जाताना वडिलांना चक्कर येऊन ते पडले, तर त्याला अशक्तपणा म्हणतात आणि अशक्तपणावर शहाळं असतं. तापाचंही तसंच. सलाइनमधून पॅरासिटामॉल चालू असलं तरी उशीखाली एक स्ट्रिप असू द्यावी. सर्दी आहे म्हणून सर्दीची गोळीही द्यावी. तिच्यातही पॅरासिटामॉलच असतं, पण नाव वेगळं असल्यामुळे ते यकृताला ओळखू येत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाकाठी चार ग्रॅमच्या वर नको म्हणतात. म्हणू देत. मग भेटायच्या वेळेत मावशी येईल. तिच्याकडे गुडघ्यांवरचं एक चूर्ण असतं, त्याने तिच्या जावेच्या नणंदेला गुण आलेला असतो. वडील रक्त पातळ करायच्या गोळीवर आहेत ही गोष्ट मावशीसमोर काढू नये. चूर्णावर अविश्वास दाखवला असं होतं.

तिकडे इंग्लंडात लोकांना कामं नाहीत. मर्सीसाइडच्या दोन हॉस्पिटलांत त्यांनी भरती झालेले 18,820 पेशंट तपासले आणि 2004 साली छापलं की त्यातले 6.5 टक्के औषधांच्या दुष्परिणामांशी निगडित कारणाने आले होते. सापडलेली औषधं कोणती? ॲस्पिरिन, अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्या, वॉर्फरिन, वेदनाशामकं. एकही परकं नाही, सगळी आपल्या साडीच्या पिशवीतली. त्यातले बरेचसे प्रकार टाळता आले असते, असंही त्यांनी लिहिलंय. हा मजकूर वॉर्डात मोठ्याने वाचू नका.

आता अक्षराविषयी. 2016 साली आपल्या मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना सांगितलं की औषधाचं मूळ नाव लिहा, वाचता येईल असं लिहा, जमल्यास कॅपिटल अक्षरांत लिहा. या सूचनेने काही डॉक्टर दुखावले असतील, तर तुम्ही तरी त्यांना दुखवू नका. चिठ्ठी हातात घ्या, अक्षर लागल्यासारखी मान हलवा, निघा. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. एकदा! बाकी सगळ्या गोळ्या रोज आणि हिचाच तेवढा लाड कशाला, असं म्हणून पुष्कळ घरांत तीही रोज दिली जाते. मग तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी झपाट्याने घटतात आणि माणूस आयसीयूत जातो. तिथे नातेवाईक सांगतात, ‘गोळ्या तर अगदी वेळेवर देत होतो हो.’ खोटं काही नसतं त्यात.

इन्सुलिन हा त्याहून रंगतदार विषय. ‘4 युनिट’ घाईत ‘4U’ असं लिहिताना इंग्रजी यू जरा गोल झाला की शून्य दिसतो, चाराचे चाळीस होतात. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला 40 युनिटचं असतं, शंभरचंही मिळतं. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी, शंभरच्या सिरिंजला केशरी. शंभरचं औषध लाल टोपीच्या सिरिंजने त्याच खुणेपर्यंत ओढलं की डोस बरोबर अडीचपट. हॉस्पिटलात सिस्टर लाल टोपी हातात घेऊन कुपीवरचा आकडा वाचत थांबल्या, तर ‘लवकर करा हो’ असं म्हणायचं काम नातेवाइकांचं.

नावांच्या सारखेपणावरून कुरकुर करणारे काही लोक असतात. मेंदूच्या मलेरियावरच्या दोन औषधांची नावं फाल्सिगो आणि फाल्सिटॅब होती, म्हणून भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. भांडणाऱ्या दोन्ही कंपन्यांचं नाव कॅडिला. (हे मी रचलेलं नाही.) 2001 साली कोर्टाने निकालात सुनावलं की औषधं म्हणजे विषं आहेत, मिठाई नव्हे. मिठाईच्या दुकानात आपण बर्फी मागितली आणि पेढा दिला तर काउंटरवर भांडतो, हे कोर्टाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. भांडण मिठाईसाठीच राखून ठेवलेलं असतं.

कोल्हापूरकडच्या हॉस्पिटलात असाल तर हे विशेष लक्षात घ्या. ट्रॉली येते, ‘पाटील कोण?’ अशी हाक येते. वॉर्डात तीन पाटील असतात. जो आधी ‘मी’ म्हणेल त्याचं इंजेक्शन. तुम्ही पाटील असाल तर दंड पुढे करा, पूर्ण नाव विचारायला लावणं म्हणजे घराण्याचा अपमान. सिस्टरांना शिकवलेलं असतं की बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग आणि बरोबर वेळ अशा पाच गोष्टी बघायच्या. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा असल्या की पाचांतल्या दोन जमल्या तरी मी म्हणेन, शाबास. इथे मी उपरोधाने बोलत नाहीये.

आणि समजा, तुम्ही सगळं केलंत, नाव बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर. तरी बाटलीत काय आहे ते विचारू नका. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेमकं हेच झालं. डोक्यातला दाब कमी व्हावा म्हणून पेशंटांना ग्लिसरीन पाजलं. डॉक्टरांचा हेतू बरोबर, सिस्टरांचा चमचा बरोबर, आणि बाटलीत कारखान्यात वापरायचं, डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन. मूत्रपिंडं बंद पडून 14 जण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उकलून दाखवली. अहवाल जाडजूड आहे, म्हणून तो वाचायचा त्रास नंतर फारसा कोणी घेतला नसावा. कारण हेच रसायन 1998 साली गुडगावात 33 मुलांना भोवलं, 2022 साली गांबियात सुमारे 70 मुलांच्या मृत्यूंनंतर आपल्याकडून गेलेल्या सिरपमध्ये सापडलं, आणि 2025 साली छिंदवाड्याच्या मुलांना खोकल्याच्या औषधातून भेटलं. त्यातली काही मुलं उपचारांसाठी नागपूरला आणली होती. 1937 साली अमेरिकेत शंभरावर माणसं याच रसायनाने दगावली, तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी कायदाच बदलला. उतावीळ लोक.

यवतमाळ जिल्ह्याचं मात्र कौतुक करायला हवं. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यात पोलिओच्या लसीऐवजी 12 मुलांना सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं सुदैवाने बरी झाली. दोन थेंब जिंदगीचे असतात एवढंच आपण पाठ केलं होतं, कशाचे ते पाहायचं राहिलं.

इतकं होऊनही काही झालंच, अंगावर पुरळ आलं, कातडी सोलायला लागली, तर ‘औषध सूट झालं नाही’ म्हणून विषय मिटवावा. गाझियाबादेत एक सरकारी संस्था बसली आहे, ती देशभरातून अशा तक्रारी गोळा करते. तिचा 1800-180-3024 हा फुकटचा नंबर आहे, पेशंटने भरायचा फॉर्म मराठीतही आहे. हा नंबर लिहून घेऊ नका. फोन कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळेत उचलतात, तेव्हा रिॲक्शन शक्यतो सोमवार ते शुक्रवार येऊ द्यावी. डिस्चार्ज कार्डावर त्या औषधाचं नाव लाल शाईने लिहून मागू नका. कार्ड घरी आल्यावर त्याच साडीच्या पिशवीत टाका, म्हणजे पुढच्या वेळी रात्री दीड वाजता ते कपाटावर सुरक्षित असेल.

नाहीतर तुमची गत आमच्या वॉर्डातल्या त्या आजींसारखी व्हायची. मी वडिलांजवळ बसायचो तेव्हा त्या समोरच्या खाटेवर होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण प्रत्येक गोळी तळहातावर घेऊन विचारणार, ‘बाई, ही कसली?’ सिस्टर वैतागायच्या, वॉर्डच्या मावशी हसायच्या, सूनबाई ‘घ्या हो आता’ म्हणून हात जोडायच्या. एका रात्री सिस्टरांनी उत्तर द्यायला म्हणून केसपेपर उलटला, मग खाटेचा नंबर पाहिला, मग पुन्हा केसपेपर. काही न बोलता त्यांनी आजींच्या तळहातावरची गोळी उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि शेजारच्या कप्प्यातली दुसरी काढून दिली.

आजींनी ती दिव्याकडे धरून पाहिली. ‘आणि ही कसली?’