मागचा पिस्टन सी-क्लॅम्पने का दाबू नये: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, गाडीच्या मागच्या डिस्क ब्रेकचे पॅड बदलण्यावरच्या माझ्या लेखावर चोपड्याहून पाठवलेली तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचे मुद्दे असे: पॅड बदलायला पिस्टन (पॅड डिस्कवर दाबणारा दट्ट्या) फिरवायचं टूल घ्या म्हणणं म्हणजे लोकांना उगाच खर्चात पाडणं, गॅरेजवाले सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचा शिकंजा) लावून पाच मिनिटांत काम उरकतात, पिस्टन जाम असला तर निपल (ब्रेकमधलं ऑइल आणि हवा काढायचा स्क्रू) सोडून जोर लावायचा, आणि ‘पिस्टन उजवीकडेच फिरतो’ हे लेखातलं वाक्य चुकीचं आहे.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुमचंच खरं. बहुतेक गाड्यांत पिस्टन घड्याळाच्या दिशेने आत जातो, पण काही मॉडेलांत एका बाजूचे आटे उलटे असतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

सी-क्लॅम्पचं मात्र पटत नाही. पुढच्या चाकाला बेलाशक लावा. मागे डिस्कच्या आत वेगळा छोटा ड्रम असून हँडब्रेक त्यावर चालत असेल, तर मागेही चालेल. पण हँडब्रेकची केबल थेट कॅलिपरला (पिस्टन आणि पॅड धरणाऱ्या भागाला) येत असेल, तर पिस्टनच्या पोटात आट्यांचा दांडा आणि नट असतो. पॅड झिजत जातो तसा नट पुढे सरकतो. सरळ दाबलं की आटे जागचे हलत नाहीत आणि सगळा जोर आतल्या ॲडजस्टरवर, म्हणजे त्या दांडा-नटाच्या जोडीवर येतो. तो बिघडला की हँडब्रेक धरत नाही, आणि त्याला सुटा पार्ट सहसा मिळत नाही, अख्खा कॅलिपर घ्यावा लागतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत तर आधी स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) हँडब्रेकची मोटर मागे घ्यायची, मगच पिस्टनला हात लावायचा.

टूलऐवजी नाकाडी पक्कड पिस्टनच्या खाचांत अडकवून फिरवणारेही आहेत. पक्कड एकदा घसरली की पिस्टनभोवतीच्या रबरी बूटला (चिखल-धूळ अडवणाऱ्या आवरणाला) नखाएवढी चीर पडते. त्या दिवशी काहीच कळत नाही. मग जून-जुलैत काळ्या मातीचा चिखल त्या चिरेतून आत शिरतो, सुकतो, पिस्टनच्या कडेला गंज धरतो. पुढच्या उन्हाळ्यात तोच पिस्टन जाम.

आता निपलचं. सोडायला हरकत नाही, उलट जळकं ऑइल बाहेर जातं. निपलला नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा आणि दाब सोडायच्या आधी निपल बंद करा, नाहीतर हवा ओढली जाते. पण त्याआधी दोन गोष्टी बघा. हँडब्रेक पूर्ण खाली करून कॅलिपरवरचा लिव्हर आपल्या स्टॉपला टेकतो का? नसेल टेकत तर केबल अडकली आहे, पिस्टनचा दोष नाही. आणि ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढा, सांडलं तर रंग खातं.

एवढं करून निपल उघडल्याबरोबर पिस्टन लोण्यासारखा आत गेला, तर कॅलिपरला ऑइल नेणारा होजपाईप आतून फुगलेला असण्याची शक्यता मोठी. निपल उघडूनही हलत नसेल तर गंज. जागच्या जागी गरगर फिरतो पण आत जात नसेल, तर फिरवताना दाब कमी पडतोय. टूलचं काम तेच, दाब आणि फिरवणं एकाच वेळी. बूटच्या कडेला सिलिकॉन ग्रीस लावा, म्हणजे फिरताना तो पिळला जाणार नाही. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

गंजलेला पिस्टन नुसता जोर करून आत ढकलला तर तो परत मागे येत नाही. सील त्याला जेमतेम केसभर मागे ओढतं, गंजावर तेवढंही जमत नाही. पॅड डिस्कला घासत राहतो. कन्नड घाट उतरून चाळीसगावला येईतो ते चाक दुसऱ्यापेक्षा कितीतरी तापलेलं असतं. डॉट ४ ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषलेल्याचा किमान १५५. ऑइल उकळलं की पेडल मऊ पडायला मग वेळ लागत नाही. पिस्टनवर खड्डे दिसले तर नुसतं सील-किट टाकून पैसे घालवू नका, पिस्टनच बदला.

राहिली खाच. आतल्या पॅडच्या पाठीवर बोंडूक (छोटा उंचवटा) असेल तर ते पिस्टनच्या खाचेत बसलंच पाहिजे, नाहीतर पॅड तिरका झिजतो. पेडल कडक होईतो पंप करा, मग हँडब्रेक आठ-दहा वेळा ओढा-सोडा, आणि चाक हाताने फिरवून बघा. हलकं घासलं तर चालेल, अडलं तर परत खोला.