आधी मोजू तरी द्या
वर एकाने लिहिलंय की अमेरिकेत ढगांतून कृत्रिमरीत्या बर्फ पाडायच्या प्रयोगांत डोंगरावरच्या ढगांत विमानं घालून नुसतं मोजत बसतात, त्यापेक्षा सरळ फवारणी करून मोकळं व्हावं, आणि आपणही हिवाळ्यात खडकवासल्यावर तेच करावं. अहो पण मोजल्याशिवाय फवारणार कशावर? हिवाळी ढगात शून्याखाली जाऊनही न गोठलेलं पाणी असेल तरच सिल्व्हर आयोडाइडचा, म्हणजे ते पाणी गोठवायला फवारतात त्या रसायनाचा, उपयोग, तेही साधारण उणे 6 अंश सेल्सिअसच्या खाली, आणि बर्फाचे कण आधीच भरपूर असतील तर सगळा खर्च पाण्यात. हे खालून नीट कळत नाही म्हणून पंखाला प्रोब (मोजणारी उपकरणं) लावून ढगात घुसायचं, आणि तेच पाणी पंखावर आदळलं की बर्फ होऊन चिकटतं, म्हणजे जे शोधायचं तेच वैमानिकाच्या जिवावर उठणारं. 2017 ला अमेरिकेतल्या आयडाहोत स्नोई नावाच्या संशोधन प्रयोगात फवारणीच्या विमानाने मारलेल्या फेऱ्या रडारवर नागमोडी रेघांसारख्या उमटल्या, असा पुरावा आधी क्वचितच मिळालेला. आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूरला केलं ते वेगळं हो, पावसाळी ढग आणि कॅल्शियम क्लोराइड या क्षाराच्या फ्लेअर, म्हणजे विमानातून पेटवायच्या नळकांड्या. दोन्हीची खिचडी करून खडकवासल्यावर हिवाळ्यात विमान उडवा म्हणताय, पण डिसेंबरात इथे ढग असतो कुठे?