यादीत जात नाही

गेल्या महिन्यात इथे ब्रिटनमधल्या माझ्या ऑफिसात भेदभावविरोधी प्रशिक्षण होतं. पडद्यावर इथल्या 2010 च्या समानता कायद्यातली, ज्यांवरून भेदभाव करायला बंदी आहे ती नऊ कारणं: वय, अपंगत्व, वंश, धर्म वगैरे. मी हात वर केला. "यात जात कुठे आहे?" प्रशिक्षक बाई क्षणभर पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती केस लॉमध्ये आहे." म्हणजे न्यायालयांच्या निवाड्यांत.

रात्री फोनवर दादाला, म्हणजे माझ्या वकील मावसभावाला, हे सांगितलं. तो खूश. न्यायालयांनी कायदा घडवावा की ते संसदेवर सोडावं, हा भारतातला वाद जुनाच. दादा कायम न्यायालयांच्या बाजूने. परवापर्यंत मीही होते.

त्या केस लॉची गोष्ट खरंच भारी आहे. सगळा प्रश्न 'वंश' या कारणात कोण कोण येतं, हा. ज्यू हा वांशिक गट ठरतो, असं 1979 साली न्यूझीलंडच्या अपील कोर्टाने म्हटलं. बर्मिंगहॅमच्या एका शाळेने पगडीवाल्या शीख मुलाला प्रवेश नाकारला होता. त्या खटल्यात 1983 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, याच निकालाचा आधार घेत शिखांनाही वांशिक गट मानलं. पुढे भारतातून आणलेल्या एका घरकामगार बाईंनी जातीवरून भेदभावाची तक्रार केली. कायद्यात जात नाही, तेव्हा हा मुद्दाच काढून टाका, असं मालकांचं म्हणणं. 2014 साली नोकरीविषयक खटल्यांच्या अपील ट्रिब्युनलने शीख मुलाच्या निवाड्याच्या आधारे सांगितलं की 'वांशिक मूळ' या शब्दांत जात येऊ शकते.

येऊ शकते. येतेच असं नाही. प्रत्येकीने आपापल्या खटल्यात ते नव्याने सिद्ध करायचं. जातीचा कायद्यात समावेश करा, असं संसदेने 2013 सालीच सरकारला बजावलं होतं. 2018 साली सरकार म्हणालं, गरज नाही, निवाडा पुरेसा आहे. अंग काढून घ्यायला निवाड्यासारखी सोय नाही!

दादाला मी 66अ ची आठवण करून दिली. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली रद्द केलं, तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. 2021 साली न्यायालयालाच त्याचा धक्का बसला. राज्यघटनेच्या कलम 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत तो पोचायला किती वर्षं लागावीत? दादा म्हणाला, "मग गोपनीयतेचं काय?" त्याचंही बरोबर आहे. राज्यघटनेत गोपनीयतेचा हक्क नाही, असा 1954 च्या आठ न्यायाधीशांच्या निकालातला शेरा आड येत होता, म्हणून 2017 साली नऊ जण बसवावे लागले, आणि एकमताने हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या निकालात तो कामी आला. संसदेने हे आपणहून केलं असतं, असं मलाही वाटत नाही.

पण निवाडा फिरतोही. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क देणारा 1973 चा निकाल 2022 साली गेला.

म्हणून निवाडे हवेतच, पण जात हा शब्द इथल्या कायद्यात छापलेलाही हवा. निवाडा शोधायला वकील लागतो. यादी कुणालाही वाचता येते.

त्या दिवशी प्रशिक्षण संपल्यावर कॉफी मशीनपाशी एक नवीन भारतीय मुलगी जवळ आली. इकडेतिकडे बघून हळूच तिने विचारलं, "त्या केसचं नाव काय?" मी चिठ्ठीवर लिहून दिलं. तिने घडी घालून ती मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली.